वाचक विचारतात : कारागृहाच्या शिपायाने काय शिकावे?

मागच्या अंकात याच सदरात एका प्रश्नाला उत्तर देताना मी लिहिले होते की, कारागृहाची सुरक्षा भिंतींपेक्षा तिथल्या शिपायावर अधिक अवलंबून असते आणि म्हणूनच अनेक देश आपल्या कारागृह कर्मचाऱ्यांना शिकण्यासाठी परदेशी पाठवतात. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. काही रागाची होती, काही काळजीची. त्यांतील पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : नॉर्वेच्या कारागृहात बंद्यांना स्वतंत्र खोली, टीव्ही आणि स्वयंपाकघर मिळते असे वाचतो. गुन्हेगाराशी इतके मऊ वागल्यावर सुरक्षा ढिली पडणारच. मग तिथे जाऊन आपल्या किंवा इतर देशांच्या अधिकाऱ्यांनी शिकायचे तरी काय? (मिरजेहून एक निवृत्त बँक कर्मचारी)

आपली शंका रास्त आहे. कारागृहात नोकरी करणारे बहुतेक जणही प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी हीच शंका मनात धरून बसलेले असतात.

सुरक्षा म्हटली की उंच भिंत, टेहळणीचा मनोरा, कुलपे आणि कॅमेरे डोळ्यांसमोर येतात. हा झाला पहिला थर. दुसरा थर कार्यपद्धतीचा, म्हणजे गिनती (बंद्यांची मोजणी), झडती, किल्ल्यांची नोंदवही, मुलाखतीचे म्हणजे नातेवाइकांच्या भेटीचे नियम. हे दोन्ही लागतातच. नॉर्वेतील ज्या हाल्डेन कारागृहाची छायाचित्रे आपण पाहिली असतील, त्यालाही सहा मीटर उंचीची भिंत आहे. परंतु भिंतीला आणि कुलपाला मनातला बेत कळत नाही. तो कळण्यासाठी बराकीत वावरणारा, बंद्यांना नावाने ओळखणारा आणि बंद्यांनाही ज्याच्याशी दोन शब्द बोलावेसे वाटतात असा माणूस लागतो. ब्रिटिश कारागृह प्रशासक इयन डनबार यांनी १९८०च्या दशकात या तिसऱ्या थराची मांडणी केली आणि ‘डायनॅमिक सिक्युरिटी’ या नावाने ती आज जगभर शिकवली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने २०१५ मध्ये याच विषयावर एक स्वतंत्र मार्गदर्शिका काढली.

प्रत्यक्षात हे कसे घडते ते पाहा. संध्याकाळी बराक बंद करताना शिपाई माणसे मोजतो. आकडा जुळला की बहुतेक ठिकाणी काम संपते. शिकलेला शिपाई आकडा जुळल्यावरही थांबतो, कारण रोज सगळ्यात शेवटी आत जाणारा मुलगा आज सगळ्यांच्या आधी कोपऱ्यात जाऊन बसला आहे. त्याची मुलाखत गेले कित्येक दिवस आलेली नाही, आज कोर्टातून परतल्यावर तो जेवलेला नाही आणि त्याने आपला साबण, चादर शेजाऱ्याला देऊन टाकली आहे. या चार गोष्टी जोडता आल्या तर त्या रात्री एक जीव वाचू शकतो. याच नजरेला दोन टोळ्यांतील मारामारीची तयारी किंवा कुणावर चाललेली दादागिरी दिसते. मात्र ही नजर चालते ती शिपायाची आणि बंद्याची रोजची बोलचाल असेल तरच. ज्या शिपायाकडून फक्त शिवी मिळते, त्याला कुणी कशाची खबर देत नाही. माणुसकी आणि सुरक्षा ही दोन वेगळी खाती आहेत आणि एकात भर घातली की दुसऱ्यात तूट येते, हा समज इथे चुकीचा ठरतो.

हाल्डेन २०१० मध्ये सुरू झाले. तिथे सुमारे २५० बंदी राहतात आणि त्यांत खून, बलात्कार अशा गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेलेही आहेत. तिथल्या बांधणीतील एक गोष्ट मला स्वयंपाकघरापेक्षा फार महत्त्वाची वाटते : कर्मचाऱ्यांच्या खोल्या मुद्दाम लहान आणि अडचणीच्या ठेवल्या आहेत, जेणेकरून अधिकारी काचेआड बसून न राहता बाहेर बंद्यांमध्ये वावरतील. अधिकाऱ्यांकडे बंदूक नसते. प्रत्येक बंद्यासाठी एक संपर्क अधिकारी ठरलेला असतो आणि त्याच्या शिक्षेचे नियोजन, शिक्षण, सुटकेनंतरचे घर या सगळ्यात तो लक्ष घालतो. हे काम येण्यासाठी लिलेस्ट्रॉम येथील शासकीय महाविद्यालयात दोन वर्षांचे पगारी शिक्षण घ्यावे लागते आणि त्यात कायदा, नीतिशास्त्र, मानसशास्त्र यांच्या जोडीला स्वसंरक्षण आणि बळाचा नियंत्रित वापरही शिकवतात. अधिकारी शिकायला जातात ते हे काम शिकायला. टीव्ही आणि स्वयंपाकघर पाहून येण्याला प्रशिक्षण म्हणता येत नाही.

याच्या उलट वाटेने गेल्यावर काय होते याचा धडा इंग्लंडने १ एप्रिल १९९० रोजी घेतला. मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज कारागृहात प्रार्थनेच्या वेळी उठाव झाला आणि तो २५ दिवस चालला. त्याच्या चौकशीत लॉर्ड वुल्फ यांनी १९९१ मध्ये जे सांगितले ते आजही प्रशिक्षणवर्गांत शिकवले जाते. सुरक्षा, नियंत्रण आणि न्याय यांचा तोल राखावा लागतो आणि आपल्याला न्यायाने वागवले जात नाही अशी भावना बंद्यांत पसरली की नियंत्रणही हातचे जाते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

नॉर्वे निर्दोष आहे असे मात्र समजू नये. तिथल्या संसदेच्या लोकपालांनीच २०१९ मध्ये बंद्यांना दीर्घकाळ एकटे कोंडून ठेवण्यावर विशेष अहवाल देऊन सरकारला फैलावर घेतले होते.

प्रश्न : माझ्या मुलाची कारागृह शिपाई म्हणून निवड झाली आहे. तो स्वभावाने शांत आहे. तिथे राहून तो कठोर होईल का, अशी भीती वाटते. या नोकरीसाठी काही आंतरराष्ट्रीय नियम आहेत का आणि ते आपल्याकडे लागू पडतात का? (परभणीहून एक माता)

ताई, प्रथम मुलाचे अभिनंदन. शांत स्वभाव ही या नोकरीतील उणीव मुळीच नाही, उलट ती पात्रता आहे.

नियम आहेत आणि ते चांगले आहेत. बंद्यांच्या वागणुकीचे किमान नियम संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने १९५५ मध्ये प्रथम मान्य केले. साठ वर्षांनी, १७ डिसेंबर २०१५ रोजी, महासभेने त्यांची सुधारित आवृत्ती स्वीकारली आणि २७ वर्षे तुरुंगात काढलेल्या नेल्सन मंडेला यांचे नाव तिला दिले. एकूण १२२ नियम आहेत आणि त्यांतील ७४ ते ८२ हे थेट कर्मचाऱ्यांविषयी आहेत. कर्मचारी पूर्णवेळ सरकारी सेवेतील असावेत, त्यांना पुरेसा पगार मिळावा, कामावर रुजू होण्यापूर्वी प्रशिक्षण मिळावे आणि पुढे नोकरीभर ते चालू राहावे, असे हे नियम सांगतात. त्या प्रशिक्षणात काय असावे हेही नियम ७६ मध्ये दिले आहे : देशाचा कायदा, बंद्यांचे आणि कर्मचाऱ्यांचे हक्क व कर्तव्ये, संरक्षण आणि सुरक्षितता, बोलणी करून प्रसंग निवळवण्याची रीत, प्रथमोपचार आणि मानसिक आजाराची लक्षणे ओळखणे.

आपल्या मुलाला नोकरीत रोज करावे लागेल असे एक काम घेऊ, ते म्हणजे झडती. कारागृहात मोबाइल, गांजा, पत्र्याचा धारदार तुकडा आत येतो हे खरे आहे आणि झडती नसेल तर दुबळा बंदीच आधी मरतो. पण झडती हे अपमान करण्याचेही सर्वांत सोपे साधन आहे. मंडेला नियम सांगतात की झडती छळासाठी किंवा धाक घालण्यासाठी घेऊ नये, तिची नोंद ठेवावी, आणि कपडे उतरवून झडती घ्यायची वेळ आलीच तर ती अगदी आवश्यक असेल तेव्हाच, आडोशाला, त्याच लिंगाच्या प्रशिक्षित कर्मचाऱ्याने घ्यावी. चांगल्या प्रशिक्षणात हा नियम पाठ करून घेत नाहीत. तिथे प्रशिक्षणार्थ्यांना आळीपाळीने एकमेकांची झडती घ्यायला लावतात. पाठीमागून, न सांगता, कुणी आपल्या खिशात हात घातला की अंगावर कसा काटा येतो हे एकदा कळले म्हणजे ‘आता तुमची झडती घेतो, हात वर करा’ हे वाक्य बोलण्याची सवय लागते. तेवढ्या एका वाक्याने बरीच भांडणे टळतात.

हे नियम एखाद्या कायद्यासारखे आपल्या न्यायालयात थेट लागू होत नाहीत, तथापि त्यांतील पुष्कळसा आशय आपल्या राज्यघटनेतून आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून लागू आहे. १९७८ च्या सुनील बत्रा खटल्यात न्यायालयाने बंद्याचे मूलभूत हक्क कारागृहाच्या दारात गळून पडत नाहीत असे ठरवले आणि मनमानी एकांतकोठडीला व बेड्यांना लगाम घातला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, जातीनुसार झाडलोट आणि स्वयंपाक वाटून देणाऱ्या कारागृह नियमावलींतील तरतुदी न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या. हा निकाल प्रत्येक नव्या शिपायाने वाचायला हवा, कारण कामाची वाटणी तुरुंगाधिकाऱ्याच्या वहीत होत असली तरी ‘तू झाडू घे’ हे सांगणारा आवाज बहुधा शिपायाचा किंवा बंद्यांमधूनच नेमलेल्या वॉर्डरचा असतो.

आपल्या राज्यात अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी येरवड्याला दौलतराव जाधव यांच्या नावाचे महाविद्यालय आहे आणि विभागाचे ब्रीदही ‘सुधारणा व पुनर्वसन’ असेच आहे. मुलगा कठोर होईल का, या प्रश्नाचे उत्तर मात्र वर्गापेक्षा त्याच्या पहिल्या वर्षातल्या वरिष्ठ हवालदारावर जास्त अवलंबून आहे. ‘तिथे शिकवलेले विसर, इथे असे चालते’ असे पहिल्याच आठवड्यात ऐकावे लागते, हे मला अनेक तरुण शिपायांनी सांगितले आहे. त्याला घरी बोलते ठेवा. दिवसभर काय पाहिले हे सांगायला कुणी असेल तर माणूस आतून घट्ट होत नाही.

प्रश्न : ज्या अमेरिकेत एकांतकोठडीत माणसे वर्षानुवर्षे ठेवली जातात, तिने इतर देशांना कारागृह चालवायला शिकवावे हे आपल्याला पटते का? (नागपूरहून विधी शाखेची विद्यार्थिनी)

आपला मुद्दा कोलोरॅडो राज्याच्या नकाशावरच दिसतो. तिथल्या कॅन्यन सिटीत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या पैशातून परदेशी कारागृह अधिकाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण केंद्र उभे राहिले, आणि तिथून थोड्याच अंतरावर फ्लॉरेन्स येथे, बंद्यांना दिवसाचा बहुतेक वेळ एकटे कोंडून ठेवणारे अमेरिकेचे सर्वांत कडेकोट केंद्रीय कारागृह १९९४ पासून चालू आहे.

तरीही याच राज्याचा पुढचा इतिहास मला शिकवण्याजोगा वाटतो. राज्याच्या सुधारसेवेचे, म्हणजे कारागृह विभागाचे, प्रमुख टॉम क्लेमेंट्स एकांतकोठडीचा वापर कमी करण्यासाठी झटत होते. मार्च २०१३ मध्ये त्यांच्याच घराच्या दारात त्यांची हत्या झाली आणि मारेकरी होता वर्षानुवर्षे एकांतकोठडीत काढून तिथून थेट रस्त्यावर सोडलेला एक माणूस. अशा प्रसंगानंतर सरकारे सहसा अधिक कडक होतात. क्लेमेंट्स यांच्या जागी आलेले रिक रेमिश यांनी २०१४ च्या सुरुवातीला स्वतः सुमारे वीस तास एकांतकोठडीत काढले आणि हत्येतून उलट निष्कर्ष काढला : उद्या शेजारी म्हणून परतणारा माणूस, तो आत असताना, आपण बिघडवून ठेवू नये. २०१७ पर्यंत कोलोरॅडोने १५ दिवसांपेक्षा अधिक एकांतवास बंद केला. ही १५ दिवसांची मर्यादा मंडेला नियमांतलीच आहे, आणि दिवसाचे २२ तास किंवा अधिक काळ माणसांशी अर्थपूर्ण संपर्क न येणे म्हणजे एकांतवास, ही व्याख्याही तिथलीच.

अमेरिका शिकणाऱ्यांच्या बाकावरही बसली आहे. २०१५ मध्ये नॉर्थ डकोटाच्या कारागृह अधिकाऱ्यांनी नॉर्वे पाहिले आणि परतल्यावर बिस्मार्कच्या कारागृहात एकांतवासाचा वापर बराच घटवला. पेनसिल्व्हेनियातील चेस्टर कारागृहात २०२२ मध्ये स्कँडिनेव्हियन धर्तीचा एक विभाग सुरू झाला आणि त्यासाठी तिथले कर्मचारी नॉर्वेच्या अधिकाऱ्यांसोबत प्रत्यक्ष कामावर उभे राहिले.

मात्र केवळ सुरक्षेचे तंत्र निर्यात झाले की काय होते, हेही विसरता कामा नये. २००० साली अमेरिकेच्या मदतीने कोलंबियात कारागृह सुधारणेचा कार्यक्रम सुरू झाला आणि वाय्येदुपार येथे अमेरिकी नमुन्याचे कडेकोट कारागृह उभे राहिले. पुढे ते प्रसिद्धीस आले ते पाण्याच्या टंचाईसाठी आणि बंद्यांच्या हालांसाठी. तेव्हा शिकवणाऱ्याचा देश कोणता यापेक्षा तो काय शिकवतो आणि आपल्या घरातल्या चुका विद्यार्थ्यांपुढे मांडतो की लपवतो, हे मी पाहीन. आशियाई अधिकाऱ्यांसाठी जपान आणि संयुक्त राष्ट्रे यांनी मिळून १९६२ पासून टोकियो परिसरात चालवलेल्या संस्थेतही भारतीय अधिकारी जात आले आहेत. तिथे प्रत्येक देशाचा प्रतिनिधी आपल्या देशाची अडचण मांडतो, ही पद्धत मला अधिक निकोप वाटते.

प्रश्न : नॉर्वे श्रीमंत आहे. आपल्यासारख्या देशात एका बराकीत दुप्पट माणसे असताना हे प्रशिक्षण कागदावरच राहणार नाही का? (मडगावहून एक शिक्षक)

नॉर्वेच्या सर्व कारागृहांत मिळून सुमारे तीन हजार बंदी असतात. आपल्याकडे २०२२ अखेर ५ लाख ७३ हजारांहून अधिक बंदी होते, क्षमतेच्या १३१ टक्के, त्यांतील चारपैकी तीन न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागलेलाच नाही असे. आणि कर्मचाऱ्यांची सुमारे ३० टक्के मंजूर पदे रिकामी होती. म्हणून नॉर्वेऐवजी मी आपल्याला कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकाचे उदाहरण देतो, जे नॉर्वेसारखे श्रीमंत नाही आणि जिथली कारागृहे पोलीस आणि लष्कर यांच्या हाती होती.

२००३ पासून तिथे नव्या धर्तीची कारागृहे सुरू झाली. त्यांची धुरा होती सांतो दोमिंगोच्या स्वायत्त विद्यापीठाचे माजी कुलगुरू रॉबेर्तो सांताना यांच्याकडे. त्यांनी सर्वांत आधी प्रशिक्षण संस्था काढली, तीही हुकूमशहा त्रुहियो याने सान क्रिस्तोबालच्या टेकडीवर बांधलेल्या प्रासादात. दुसरा निर्णय अधिक धाडसाचा होता : नव्या कारागृहांसाठी पोलीस किंवा लष्करातील माणसे घ्यायची नाहीत, कोऱ्या पाटीची तरुण मुले-मुली निवडून त्यांना घडवायचे. जुन्या सवयी मोडण्यापेक्षा नव्या सवयी लावणे सोपे, हा त्यामागचा हिशेब होता. बंद्यांना लिहा-वाचायला शिकवणे हा नव्या कारागृहांतील दिनक्रमाचा भाग झाला. पुढे त्या भागातील इतर देशांचे कर्मचारीही या संस्थेत शिकायला आले. श्रीमंत नसलेल्या देशाने आपल्यासारख्याच देशाला शिकवावे, यातले बळ कुठल्याही युरोपीय दौऱ्यात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपल्या प्रश्नाची दुसरी बाजू. नव्या कारागृहांत क्षमतेपेक्षा जास्त माणसे घ्यायची नाहीत हा नियम पाळला गेला, त्यामुळे उरलेली गर्दी जुन्या कारागृहांत साचत राहिली. राजधानीजवळच्या ला व्हिक्टोरिया या जुन्या कारागृहात मार्च २०२४ मध्ये आग लागून दहाहून अधिक बंदी मेले. तेव्हा आपली भीती निराधार नाही. चार माणसांचे काम दोघांनी करायचे असेल तर बंद्याशी बोलायला वेळ कुठून येणार? न्यायाधीन बंद्यांचा जामीन आणि रिकामी पदे हे दोन प्रश्न हलल्याशिवाय उत्तम प्रशिक्षणही अर्धेच कामी येईल.

तरीही अर्धे म्हणजे शून्य नव्हे. मारायचे नाही, नावाने हाक मारायची, आजारी माणसाला वेळेत डॉक्टरकडे न्यायचे, यासाठी नवी इमारत लागत नाही. जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात एका स्त्री बंद्याचा मृत्यू झाला आणि तिला मारहाण केल्याच्या आरोपावरून कर्मचाऱ्यांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. त्यानंतर तिथे उसळलेला बंद्यांचा उद्रेक सगळ्यांनी पाहिला. तसेच चांगले नमुनेही आपल्याकडे आहेत. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला औंध संस्थानाने १९३९ मध्ये बंद्यांची खुली वसाहत वसवली, ती उंच भिंतीवाचून चालली आणि आजही महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे. परदेशी अधिकाऱ्यांना दाखवण्याजोगे असे आपल्याकडे आहे, पण आपल्याच प्रशिक्षणार्थ्यांना तिथे काही दिवस राहायला धाडावे असे आपल्याला सुचत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : सामान्य नागरिक यात काही करू शकतो का? (ठाण्याहून एक गृहिणी)

करू शकतो. प्रत्येक कारागृहासाठी, आत जाऊन पाहणी करणाऱ्या अभ्यागत मंडळाची तरतूद आहे. त्यात जिल्हा न्यायाधीशांसारख्या पदसिद्ध सदस्यांबरोबर अशासकीय अभ्यागतही असतात आणि समाजकार्याचा अनुभव असलेल्या स्त्रियांची तिथे फार गरज आहे. सुकन्या शांता खटल्याच्या निकालात न्यायालयाने या मंडळांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणासोबत नियमित पाहणी करायला सांगितले आहे. आपल्या जिल्ह्यात मंडळ नेमलेले आहे का, ते शेवटचे कधी आत गेले, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. अभ्यागत म्हणून आत जायची संधी मिळाली तर भांडार आणि स्वयंपाकघर आपल्याला आपण होऊन दाखवतील. आपण कर्मचाऱ्यांचे ड्युटीचे वेळापत्रक मागून पाहा, एका शिपायामागे किती बंदी आहेत ते मोजा, आणि बराकीच्या दारावर उभ्या असलेल्या शिपायाला त्याचे शेवटचे प्रशिक्षण कधी झाले हे विचारा.